घरी वर्मूथ करतानाच्या नोंदी : तोरिनो, ऑक्टोबर ते फेब्रुवारी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

तोरिनोत, म्हणजे इटलीतल्या ट्यूरिनमध्ये, नोकरीला येऊन चार वर्षं झाली. संध्याकाळी सहा-साडेसहाला इथल्या बारमध्ये गेलं की निम्म्या टेबलांवर तांबूस तपकिरी रंगाचा पेला दिसतो, त्यात बर्फ आणि संत्र्याची चकती. हे वर्मूथ, म्हणजे कडू पाला आणि मसाले घातलेली, स्पिरिटनं थोडी कडक केलेली वाइन. इथले लोक म्हणतात वेरमुत. पहिल्यांदा घेतलं तेव्हा पेला नाकाशी नेला आणि थबकले. जोतिबाला वाहिलेला दवणा दुसऱ्या दिवशी सुकतो तेव्हा त्याला जसा वास येतो, त्याच्या घराण्यातला वास होता तो.

नाक चुकलं नव्हतं. वर्मूथमध्ये जी वनस्पती असावीच लागते ती आर्टेमिसिया घराण्यातली. मुख्यतः आर्टेमिसिया आब्सिन्थियम, इटालियनमध्ये आसेंत्सिओ, युनानी वैद्यकात अफसंतीन. आपला दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स, तिचा चुलतभाऊ. जर्मन भाषेत आसेंत्सिओला वेरमुट म्हणतात, त्यावरूनच पेयाला नाव पडलं. त्या दिवसापासून हे एकदा हातानं करून बघायचं ठरवलं होतं. आज सुरुवात.

नोंदी ठेवते आहे त्या परदेशात राहणाऱ्या आणि हेच करू पाहणाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात दारू घरी बनवायला परवाना लागतो, तेव्हा तिथे हे करू नका. इथे लिमोनचेल्लो, म्हणजे लिंबाच्या सालीचा लिकर, घरोघरी होतं, म्हणून ९६ टक्क्यांचं खाण्याजोगं शुद्ध अल्कोहोल सुपरमार्केटात उघड मिळतं. एक सावधगिरी आत्ताच लिहिते: त्याच सुपरमार्केटात साफसफाईच्या कपाटाशी गुलाबी रंगाचं अल्कोहोल असतं, ते विषारी आहे. बाटलीवर 'लिकर बनवण्यासाठी' असं लिहिलेलंच घ्या.

आजची खरेदी: स्पिरिट, म्हणजे ते ९६ टक्क्यांचं खाण्याजोगं अल्कोहोल, १ लिटर, १७ युरो. मोस्कातो दास्ती या गोड वाइनच्या दोन बाटल्या, १६ युरो. आसेंत्सिओ आणि इतर सुकी पाळंमुळं एर्बोरिस्तेरियातून, म्हणजे इथल्या काष्ठौषधींच्या दुकानातून, २४ युरो. बालोनच्या जुन्या बाजारातून काचेच्या बरण्या, ६ युरो.

६ ऑक्टोबर

मोस्कातो का? तर १७८६ साली आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानोनं पियाझ्झा कास्तेल्लोतल्या दुकानात वर्मूथ विकायला सुरुवात केली, आणि त्याचा पाया पिएमोंते या इथल्या प्रांताची मोस्कातो द्राक्षं होती, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. मीही तेच धरून चालले. चूक इथेच झाली, पण ती पुढच्या आठवड्यात कळली.

तीन लिटरच्या बरणीत सगळा मसाला एकत्र टाकला: आसेंत्सिओ २० ग्रॅम, जेंत्सियाना या कडू डोंगरी वनस्पतीचं मूळ ५ ग्रॅम, धने, दालचिनी, दहा लवंगा, वेलदोडे, अर्धं जायफळ, दोन संत्र्यांच्या साली. वरून मोस्कातोची पहिली बाटली ओतली आणि बरणी उसळली. मोस्कातो दास्ती फेसाळ असते हे माहीत होतं, पण सुक्या पाल्यावर ओतल्यावर फेस एवढा येईल ही कल्पना नव्हती. दूध उतू जावं तसा फेस आसेंत्सिओची पानं घेऊन ओट्यावर, ओट्यावरून फरशीवर. ओटा पुसल्यावरही कडू वास तीन दिवस गेला नाही. कांदा चिरला तरी बोटांना कडू चव लागत होती.

दुसरी बाटली आधी भांड्यात ओतून, डावानं ढवळून, फेस मारून घेतली. मग २०० मिली स्पिरिट आणि २०० ग्रॅम साखर. झाकण लावून काळोख्या कपाटात.

१३ ऑक्टोबर

आठवड्यानं गाळून चमचाभर चाखलं. टाकून द्यावं लागलं.

काय चुकलं ते एकेक करून लिहिते.

कडवटपणा. किराईताचा काढा ज्यांनी प्यायला आहे त्यांना सांगते, त्याच्याही पलीकडचा. जिभेवर पहिल्या क्षणी काही नाही, मग घशाशी चढतो आणि पाऊण तास उतरत नाही. दीड लिटर वाइनला २० ग्रॅम आसेंत्सिओ हा आकडा मी काढ्याच्या अंदाजानं घेतला होता. वर्मूथला लिटरमागे एखाद-दीड ग्रॅम पुरतो.

गोडी. मोस्कातो दास्तीत मुळातच लिटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर उरलेली असते. त्यात मी २०० ग्रॅम घातली. हिशेब केला तर लिटरला २१० ग्रॅमच्या वर गेली. युरोपीय नियमात गोड वर्मूथ १३० ग्रॅमपासून सुरू होतं. इतकी साखर असूनही कडवटपणा झाकला गेला नाही, हे मात्र शिकण्यासारखं. एवढ्या कडूला साखर झाकू शकत नाही, दोन्ही वेगवेगळे लागतात.

अल्कोहोल. मोस्कातो दास्ती जेमतेम ५ टक्क्यांची. २०० मिली स्पिरिट घालूनही एकूण भरलं १४.६ टक्के. नियमात किमान १४.५ लागतं, म्हणजे काठावर. कार्पानोच्या काळची मोस्कातो आणि आज बाटलीत मिळणारी फेसाळ हलकी मोस्कातो या एक वस्तू नाहीत, हे द्राक्षाच्या नावावर भाळून मी विसरले.

आणि लवंग. दहा लवंगांनी बाकी सगळ्याचा वास गिळून टाकला. बरणी उघडली की दंतमंजनाचा डबा उघडल्यासारखं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळं एकत्र भिजवलं. आता यातलं काय जास्त आणि काय कमी, ते सुधारायचं कसं? एका बरणीतून लवंग मागे घेता येत नाही. सोळा युरोंची वाइन, पाच युरोंच्या आसपास पाला आणि एक आठवडा गेला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज पियाझ्झा कास्तेल्लोच्या कमानींखालून मुद्दाम फिरून आले. कार्पानोच्या दुकानापासून सावोय घराण्याचा राजवाडा हाकेच्या अंतरावर. तोरिनोच का, याचं उत्तर इथे उभं राहिलं की पुष्कळसं मिळतं. शहराच्या पाठीशी आल्प्स, तिथून आसेंत्सिओ, जेंत्सियाना आणि डोंगरी पाला. आग्नेयेला कानेल्ली आणि अस्तीकडची मोस्कातोची टेकाडं. त्याही खाली जेनोवाचं बंदर, तिथून दालचिनी, लवंग, जायफळ, वेलदोडा. आणि मधोमध दरबार, म्हणजे महाग मसाल्याला पैसे मोजणारं गिऱ्हाईक. तोरिनोत मिठाई करणारे आणि दारू गाळणारे यांचा संघही एकच होता. १७५७ पासून ज्यांचं नाव चालत आलं आहे ते चिन्झानो बंधू याच संघातले. साखरेचा पाक, संत्र्याची साल आणि स्पिरिट एकाच हातात असलेली माणसं. त्यांच्याकडून वर्मूथ झालं यात नवल नाही.

कडू पाल्याची वाइन त्याच्या कितीतरी आधीची आहे. प्लिनीनं पहिल्या शतकात 'आब्सिन्थाइट्स' या आसेंत्सिओच्या वाइनची नोंद केली आहे, आणि तेव्हा ती पोटाचं औषध होती. आमच्या घरी आजीच्या फळीवर द्राक्षासवाची बाटली असायची. द्राक्षं, दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर. तेव्हा औषध आणि पेय यांतली भिंत किती पातळ असते ते आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की आसव मसाल्यासकट आंबवतात, वर्मूथमध्ये आधी वाइन तयार होते आणि मसाला मागून येतो.

परत येताना एर्बोरिस्तेरियात गेले. दुकानातल्या बाईंनी माझी पहिली यादी वाचली, २० ग्रॅमच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि काही न बोलता मान हलवली. मग त्यांनीच सांगितलं: प्रत्येक वस्तू वेगळी भिजव, थेंबाथेंबानं जुळव, बेत ठरला की मगच मोठी बरणी. त्यांच्याकडचा आसेंत्सिओ पांकालिएरीचा, तोरिनोपासून जवळच्याच गावचा. ते गाव पेपरमिंट आणि औषधी पाल्यासाठी इथे प्रसिद्ध आहे.

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. सुका पालाच वापरायचा, आसेंत्सिओचं तेल कधीही नाही. त्यात थुजोन हे जास्त झालं तर विषारी ठरणारं द्रव्य असतं. आर्टेमिसियाच्या पेयांत ते किलोमागे ३५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असा युरोपात नियम आहे, आणि ग्रॅमभर सुका पाला व चमचाभर तेल यांची बरोबरी होत नाही. गरोदर बाईनं तर हे पेय घेऊच नये.

ग्रॅमचा दहावा नाही, शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घेतला. १३ युरो. हा पहिल्या दिवशी घ्यायला हवा होता.

२० ऑक्टोबर

चौदा छोट्या बाटल्या मांडल्या. प्रत्येकीत ५० मिली ५५ टक्के अल्कोहोलचं मिश्रण आणि ५ ग्रॅम एकच वस्तू. लवंग आणि जायफळ फक्त २ ग्रॅम. प्रत्येक बाटलीवर कागदाची चिठ्ठी: नाव, वजन, तारीख.

चौदांत दोन माझ्या घरच्या. गेल्या वर्षी येताना आईनं साड्यांत ठेवायला दवण्याची सुकी जुडी दिली होती, तिच्यातला दवणा. आणि किराईताच्या काड्या. किराईत आणि जेंत्सियाना एकाच कुळातले, म्हणून एक दुसऱ्याच्या जागी चालेल का, हे बघायचं होतं.

वेखंडही मनात होतं. जुन्या वर्मूथच्या याद्यांत वेखंड सापडतं. पण त्यातल्या आसारोन या घातक द्रव्यावर आता युरोपात मर्यादा आहे, म्हणून सोडलं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दोन आठवडे रोज सकाळी बाटल्या हलवल्या. आज जुळवणी.

पाया आधी तयार केला: साधी पांढरी वाइन, स्पिरिट घालून १७ टक्क्यांवर आणलेली, लिटरला १५० ग्रॅम साखर. त्याचे ५०-५० मिलीचे पेले. प्रत्येक पेल्यात एका अर्काचे थेंब, मोजून. दोन घोटांच्या मध्ये कोमट पाणी आणि कोऱ्या पावाचा तुकडा. सहा-सात पेल्यांनंतर जीभ काम करेनाशी होते. चाखून थुंकायचं, गिळायचं नाही. तरीही एका बैठकीत सहापेक्षा जास्त करू नका.

काय दिसलं ते:

आसेंत्सिओ १० थेंबांवर फक्त सुवास. २१ थेंबांवर कडवट शेवट येतो आणि वाइनची गोडी एकदम आवरली जाते. ३० वर पहिल्या बरणीची आठवण. २१ ठरले.

जेंत्सियाना स्वच्छ कडू, मातीचा वास. आसेंत्सिओ उशिरा येतो आणि जेंत्सियाना लगेच. दोन्ही थोडे थोडे असले की कडू सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग लागतं.

किराईत निरुपयोगी. कडू भरपूर, पण सुगंध काहीच नाही, आणि कोरडा काडीसारखा शेवट. एकाच कुळातले म्हणून काम एकच होत नाही. यादीतून काढला.

दवणा. याच्यासाठी मी घाबरत घाबरत बसले होते, कारण मनानं आधीच निकाल देऊन ठेवला होता. पाच थेंब. कडू अगदी थोडं, आणि वर पिकलेल्या फळासारखा, काहीसा चहासारखा गोड वास. आसेंत्सिओच्या शेजारी ठेवला तर त्याची धार कमी न करता वरचा वास भरून काढतो. फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, देवाचा दवणा दारूत घालतेस?" मग थोडं थांबून, "कसा लागतो पण?" तिला म्हटलं, आजीच्या द्राक्षासवात दवणा पडला असता तर जसा लागला असता तसा.

लवंगेचा एक थेंब पुरतो. संत्र्याची साल दोन आठवडे ठेवायला नको होती. आतल्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा उतरला आहे. पुढच्या वेळी फक्त वरची पिवळी साल, आणि चारच दिवस.

९ नोव्हेंबर

थेंबांवरून ग्रॅम काढायला बसले आणि एक मोठा घोटाळा पकडला. तो नीट लिहिते, कारण हा कुणाच्याही हातून होईल.

मी धरलं होतं की २० थेंब म्हणजे १ मिली. त्या हिशेबानं २१ थेंब म्हणजे १.०५ मिली अर्क, आणि ३.६ लिटरच्या बरणीला आसेंत्सिओ आला साडेसात ग्रॅम. आकडा डोळ्यांना खटकला. पेल्यातली चव तेवढी कडू नव्हती. म्हणून ड्रॉपरनं थेंब मोजत १ मिलीची सिरिंज भरली. ३८ थेंब लागले. अल्कोहोलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान पडतो. २० थेंबांचं माप पाण्याचं. म्हणजे २१ थेंब म्हणजे फक्त ०.५५ मिली, आणि आसेंत्सिओ हवा ४ ग्रॅम. जवळजवळ निम्मा. हे पकडलं नसतं तर दुसरी बरणीही ओतून द्यावी लागली असती.

थेंब मोजू नका. १ मिलीची सिरिंज औषधाच्या दुकानात काही सेंटांना मिळते.

बरणीचा हिशेब असा: ३ लिटर पांढरी वाइन, १२ टक्क्यांची. ९६ टक्क्यांचं स्पिरिट २६० मिली. साखर ५४० ग्रॅम. साखरही जागा व्यापते, ग्रॅमला साधारण ०.६ मिली. ते धरून एकूण ३.६ लिटर, अल्कोहोल १७ टक्के, साखर लिटरला १५० ग्रॅम, आणि वाइनचा वाटा ८३ टक्के. नियमात वाइन किमान ७५ टक्के हवी. ते का, हे हिशेब मांडताना पटलं. त्याखाली गेलं की तो मसाल्याचा लिकर होतो, वाइन मागे पडते.

वाइन या वेळी कोर्तेसे या पांढऱ्या द्राक्षाची, मोन्फेर्रातोकडची, पाच लिटरचा खोका १४ युरो. साधी, फारसा वास नसलेली, फेस नाही. पायाला असलीच हवी.

१६ नोव्हेंबर

मोठी बरणी भिजवली. २६० मिली स्पिरिट आणि त्याच वाइनमधली २४० मिली वाइन एकत्र केली की अर्धा लिटर ५५ टक्क्यांचं मिश्रण होतं. त्यात आसेंत्सिओ ४ ग्रॅम, जेंत्सियाना १ ग्रॅम, दवणा १ ग्रॅम, कडू संत्र्याची सुकी साल, धने, आन्जेलिकाचं मूळ, कॅमोमाइल, दालचिनी, तीन वेलदोडे, दोन लवंगा, चिमूटभर जायफळ आणि अर्धी व्हॅनिलाची शेंग. मिळून ४५ ग्रॅम. लाकडी आणि मुळांच्या वस्तू खलबत्त्यात फक्त भरड केल्या. पूड केली की गाळताना जीव जातो.

ताज्या संत्र्याची साल शेवटचे चार दिवस घालायची.

१ डिसेंबर

गाळलं. अर्धा लिटर घातलं, गाळणीतून ३९० मिलीच उतरलं. उरलेलं पाल्यानं पिऊन टाकलं होतं. पाला जुन्या पंच्यात बांधून पिळला तेव्हा आणखी ६० मिली आलं. तरी ५० मिली गेलंच. म्हणजे अल्कोहोलही गेलं. ते भरून काढायला ३० मिली स्पिरिट वाढवलं.

पंचा धुतला, कडू वास गेला नाही. तो आता याच कामाला.

७ डिसेंबर, शनिवार

रंग. पुष्कळांना वाटतं की तांबडं वर्मूथ तांबड्या वाइनपासून होतं. मलाही कित्येक महिने तसंच वाटायचं. बहुतेक तांबड्या वर्मूथची वाइन पांढरीच असते, आणि रंग जळक्या साखरेचा.

५४० ग्रॅमपैकी ६० ग्रॅम साखर जाड बुडाच्या पातेल्यात कोरडीच तापवली. सोनेरी, मग मधासारखी, मग तांबूस. धूर दिसायच्या आत आच बंद करून त्यात गार वाइन ओतली. पातेलं फुत्कारलं, उजव्या मनगटावर दोन थेंब उडाले, आणि साखरेचा काचेसारखा गोळा बुडाला चिकटून बसला. फोड आला, पातेलं दोन तास भिजवलं.

दुसऱ्यांदा: साखर पहिल्यापेक्षा थोडी जास्त काळपट होऊ दिली, आच बंद केली, दहापर्यंत मोजलं, आणि उकळतं पाणी चमचा-चमचा करत बाजूनं सोडलं. ७० मिली पाणी लागलं. गुळगुळीत काळा पाक झाला. अंगात लांब बाह्यांचा शर्ट आणि हातात मोठ्या दांड्याचा डाव असू द्या. हात भाजला की संध्याकाळ वाया जाते.

त्या ७० मिली पाण्यानं अल्कोहोल १७ वरून १६.८ वर आलं. चालेल. 'वेरमुत दि तोरिनो' या संरक्षित नावाला किमान १६ लागतं. माझी बाटली ते नाव लावू शकत नाही, आणि लावूही नये, पण माप म्हणून तो आकडा समोर ठेवला होता.

८ डिसेंबर

सगळं एकत्र केलं. वाइन, अर्क, साखर, पाक. साखर गार वाइनमध्येच ढवळून विरघळवली, अर्धा तास लागला. गरम करू नका, सुवास उडतो.

रंग सुंदर आला. पण गढूळ. खिडकीसमोर धरलं तर पलीकडचं काही दिसेना. कारण कळायला वेळ लागला नाही: संत्र्याच्या सालीतलं तेल ५५ टक्क्यांत विरघळून राहतं, १७ टक्क्यांत राहत नाही. ते बारीक थेंबांनी बाहेर पडतं.

कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळायला बसले. चार तासांत अर्धा लिटर, आणि तरीही गढूळ. सहा कागद गेले. हा रस्ता बंद.

चव: कर्कश. स्पिरिट वेगळं, कडू वेगळं, गोड वेगळं. निराशा झाली, पण दुकानातल्या बाई म्हणाल्या होत्या की महिनाभर तरी निकाल देऊ नकोस.

२२ डिसेंबर

बरण्या गच्च भरून बाल्कनीत ठेवल्या होत्या. रात्री शून्याच्या आसपास, म्हणजे फुकटचं शीतगृह. पण पहिले चार दिवस दक्षिणेच्या बाल्कनीत ठेवल्या, आणि दुपारी काचेवर ऊन पडून बरणी कोमट व्हायची. सगळा गाळ पुन्हा वर. मग उत्तरेच्या खिडकीत, गोणपाटात गुंडाळून.

आठवड्यात बरणीच्या गळ्याशी तेलाचं बारीक वर्तुळ जमलं, चकाकणारं, डाळीवरच्या फोडणीसारखं. खाली बोटाच्या पेराएवढा तपकिरी गाळ. मधलं बरंच निवळलं आहे, पण आरपार नाही.

बेंटोनाइट घातलं, ही वाइनवाल्यांची माती. साडेतीन ग्रॅम कोमट पाण्यात रात्रभर फुगवली आणि बरणीत ढवळली. मातीचे कण वाइनमधली प्रथिनं पकडून खाली बसतात. तेलावर तिचा फारसा उपयोग नाही, ते काम थंडीचं.

आपण तेल आणि गाळ काढायला एवढी खटपट करतो, आणि तिकडे दक्षिण फ्रान्सच्या मार्सेय्यां गावात नॉयी प्रा हे वर्मूथ करणारे वाइनची लाकडी पिंपं वर्षभर मुद्दाम उघड्यावर, उन्हापावसात ठेवतात. जोसेफ नॉयीनं १८१३ साली बेतलेली ही कोरडी, फिकी धाटणी. त्याच काळात आल्प्सच्या पलीकडच्या शांबेरीतही हलकं वर्मूथ सुरू झालं. तिथे जायचं मनात आहे.

१२ जानेवारी २०२५

तीन आठवड्यांनी नळी लावून मधलं ओढून घेतलं. नळीचं तोंड तळापासून चार बोटं वर धरलं, आणि वरचा तेलाचा थर आत यायच्या आधी थांबवलं. घाई न करता दोन तास. पेला खिडकीशी धरला तर समोरच्या घराच्या खिडकीचे गज मोजता आले.

३.६ लिटरमधून हाती ३.१ लिटर. ७५० मिलीच्या चार बाटल्या आणि एक पेलाभर. बाटल्या काठोकाठ भरल्या. हवा लागली की वर्मूथही वाइनसारखंच उतरतं. फोडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. कपाटात सहा महिने उघडी पडलेली बाटली पिऊन वर्मूथला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी खरं वर्मूथ चाखलेलंच नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली बाटली फोडली. खालच्या मजल्यावरच्या सिन्योराला, म्हणजे तिथल्या बाईंना, वर बोलावलं. ऐंशीच्या पुढच्या आहेत. लहानपणी घरी रविवारी जेवणाआधी वर्मूथ निघायचं, मुलांना बिस्किट बुडवून मिळायचं, असं सांगत होत्या.

त्यांनी आधी बर्फाशिवाय घेतलं. मग गप्प. मी पेल्याकडे बघत राहिले. "कडू नीट आलंय," त्या म्हणाल्या, "शेवटी येऊन बसतं." मग पुन्हा नाकाशी नेलं. "पण हे फुलासारखं काय आहे? हे आमच्यात नसतं." फ्रिजवरून दवण्याची उरलेली जुडी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी काडी चुरगळली, वास घेतला, डोळे मिटले. "आसेंत्सिओची बहीण," म्हणाल्या. मी नाव सांगितलं नव्हतं.

डिसेंबरमधला कर्कशपणा गेला आहे. स्पिरिट आता वेगळं लागत नाही. त्यांच्या मते दालचिनी जास्त आहे आणि ते खरं आहे. व्हॅनिलेचा काही उपयोग दिसत नाही.

खर्च: स्पिरिट १७, दोन्ही वेळची वाइन ३०, पाला-मुळं २४, काटा १३, बरण्या ६, संत्री, साखर, फिल्टर, बेंटोनाइट मिळून ९. एकूण ९९ युरो. यातली पहिल्या बरणीची एकवीस युरोंच्या आसपासची चूक सोडली तर अठ्ठ्याहत्तर. दुकानात चांगली बाटली पंधराच्या आसपास मिळते, म्हणजे पैसे वाचवायला हे करू नये. काटा, बरण्या, थोडं स्पिरिट आणि बराचसा पाला शिल्लक आहे, त्यामुळे पुढची बरणी पुष्कळ कमी पैशांत बसेल.

वेळ: हाताचं काम तीसेक तास, त्यातले सात-आठ फुकट गेले, फेस पुसण्यात, पातेलं खरवडण्यात आणि कॉफीच्या कागदांपुढे बसण्यात. वाट बघणं चार महिने.

दुसरी बरणी आजच भिजत घातली. आसेंत्सिओ ४ ग्रॅम तसाच, दालचिनी निम्मी, लवंग एक, व्हॅनिला नाही, ताजी साल तीन दिवस. दवणा दीड ग्रॅम. जुडी इथेच संपली. आईला सांगितलं आहे, चैत्रात जोतिबाला जाशील तेव्हा दोन जुड्या जास्त घे.